काच खाली ठेवल्यावर

माझे वडील तसे भित्रेच. पाल दिसली की खुर्चीवर चढणारा माणूस. पण दाराएवढी काच घेऊन तीन जिने चढायचे, तेव्हा कपाळावर आठीसुद्धा नसायची. दुसऱ्या टोकाला जोडीदार असायचा ना! बावीस वर्षं दोघं मिळून काचा बसवत होते. दोघांत मुकादम कुणीच नाही. काच हातात असताना वाद काढायचा नाही, एवढा एकच नियम.

मग जोडीदाराची बोटं बधिर व्हायला लागली, दोन्ही हातांची. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बाबांना ते काचेच्या हिसक्यावरून कळलं. तिकडून भार सुटला की ते इकडून सावरायचे, पण तोंडातून ब्र काढत नव्हते. काच हातात असली की नियम आडवा यायचा आणि खाली ठेवली की चहा यायचा. घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. "आज मानेजवळून गेली," एवढंच म्हणायचे. ऐकूनच माझी गाळण उडायची.

"अहो, स्पष्ट सांगून टाका की," आई म्हणायची.

"तो खवळेल गं. आणि काम सुटलं तर त्यानं करायचं काय?"

शेवटी एका मंगळवारी दुकानाची दर्शनी काच आली. काय झालं ते बाबांनीच घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ते उचलायला वाकले आणि तसेच सरळ झाले.

"मी उचलत नाही."

"का रे, कंबर धरली?" जोडीदारानं विचारलं.

"तुझ्या बोटांत जोर राहिला नाही."

जोडीदार तरातरा आला आणि छातीला छाती भिडवून उभा राहिला. पण बाबा मागे हटले नाहीत. याचं मला आजही नवल वाटतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार महिने."

"आणि चार महिने उचलत राहिलास? अंगावर पडली असती म्हणजे? तोंड शिवलं होतं का?"

"भीती वाटायची."

"काचेची?"

"तुझी."

जोडीदाराचा हात वर गेला. बाबांनी डोळे गच्च मिटले. फटका काही आला नाही. डोळे उघडले तेव्हा तो पायरीवर बसून दातांनी हातमोजा ओढत होता. बोटांनी तो निघत नव्हता.

"काढ ना जरा," तो म्हणाला.