ठोकून बघणारा रंगराव

रंगराव खोत गाडीला आधी मारायचा आणि मग बघायचा. दारावर उलट्या मुठीचा एक ठोसा, चाकावर एक लाथ, खालच्या पत्र्यावर हातोडीचे दोन घाव, आणि मग कान देऊन उभा राहायचा. गाडीचा मालक शेजारी असला तरी त्याला रामराम नाही की सलाम नाही. "गाडी आन् रेडा, मारल्याबिगर सांगत न्हाई कुठं दुखतंय," असं त्याचं म्हणणं. पत्रा खणखणला तर ठीक. आवाज बद्द आला तर आत पुट्टी भरलेली आहे असं समजायचं, आणि मग त्याच्या तोंडून जे निघे ते इथं लिहिता येणार नाही.

माझी त्याची पहिली भेट बहारीनमध्ये, झल्लाकच्या समुद्राकडं जाणाऱ्या रस्त्यावर झाली. ऐन ऑगस्टात माझी जुनी गाडी बंद पडली होती. बायको सुनंदा, दोन मुलं आणि मी, एका भिंतीच्या वीतभर सावलीत उभे होतो. सनद गावाजवळच्या गॅरेजमधून क्रेनचा ट्रक आला, त्यातून एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उतरला आणि बॉनेट उघडायच्या आधीच त्यानं बंपरला लाथ घातली.

"अहो, गाडी आमची आहे!" सुनंदा न राहवून म्हणाली.

मराठी ऐकून तो वळला. हसला नाही. "तुमची हाय म्हनून एकच घातली, वहिनी."

रंगराव शिराळ्याकडचा. बहारीनला येऊन त्याला सात-आठ वर्षं झाली होती. काम अपघातातल्या गाड्या उचलून आणायचं. नवे रस्ते सरळ आणि रिकामे, गाड्या दणकट, चालवणारे तरणे. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. गाडीत माणूस अडकलेला असला तर पत्रा कापून त्याला काढायचंही तोच. क्रेनच्या केबिनमध्ये एक घोंगडी असे. अंगावर घालायला नव्हे, मेलेल्यावर पांघरायला. "उघड्यावर माशा बसत्यात," एवढंच तो सांगे. एकदा रस्त्यात मरून पडलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ काढणारा कुणी त्याला सापडला. रंगरावनं त्याची तीन बोटं मोडली. मोजून तीन.

हे ऐकणाऱ्यांना तो थोर वाटतो, म्हणून दुसरंही सांगायला हवं. कामगारांच्या कॅम्पातल्या एका गरीब आचाऱ्याला त्यानं आमटी खारट झाली म्हणून असा तडाखा दिला की त्या माणसाला डाव्या कानानं पुढे ऐकू येईना. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा रंगरावनं आपल्या मुठीकडे बघितलं. "हात आधी जातो, साहेब. मी मागनं पोचतो," तो म्हणाला. त्या आचाऱ्याची माफी त्यानं कधी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

अशा माणसाला मी गाडी शोधायला बरोबर घेतलं, कारण आम्हाला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोलीच, घ्यायची होती. आत दोन बाकं, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, वर उचलून उघडणारं छप्पर. एखादा गोरा इंजिनियर मुदत संपवून मायदेशी निघाला की अशी गाडी विकून जाई. मनामा शहरात आमची एकच खोली, तिची खिडकी शेजारच्या भिंतीत उघडणारी. सुनंदा आठवडा आठवडा बाहेर पडत नसे. झल्लाकच्या समुद्रावरची हॉटेलं आमच्यासाठी नव्हती. भिशी लागली तेव्हा तीच म्हणाली, "सोनं नको. दर शुक्रवारी समुद्र दिसेल असं काहीतरी घ्या."

आमच्या ऐपतीतल्या पहिल्या कॅम्परमध्ये शिरून रंगरावनं पाय आपटला, तोच तळाचा पत्रा फुटून पाय खाली गेला. गंजलेल्या पत्र्यानं पोटरी फाटली. रक्त बुटात उतरत असताना तो मालकाला म्हणाला, "शेठ, ये गाडी नहीं, ये सापळा है." दुसरीचा मालक म्हातारा इंग्रज होता. रंगरावनं हातोडी उगारलेली बघून तो फोनकडे धावला, आणि आम्हाला पळावं लागलं. मुलं हसून हसून दमली. त्या दिवसांत रंगरावची दांडगाई आम्हाला मौजेची वाटत होती.

मग दळवीच्या यार्डात ती गाडी दिसली. क्रीम रंग, खाली नारिंगी पट्टा. दळवी म्हणजे जुन्या गाड्यांच्या त्या यार्डाचा मॅनेजर, आपल्या मुंबईचाच माणूस. "आपल्या माणसाला मी फसवीन का?" हे तो दर तिसऱ्या वाक्याला म्हणे. रंगराव यायला उशीर होता. धूळ येते म्हणून दळवीनं आम्हाला आत बसवून दार ओढून घेतलं. थोरली मुलगी बाकावर आडवी झाली. "बाबा, इट हॅज अ किचन!" धाकट्यानं नळ सोडला. सुनंदानं पडद्याला हात लावला, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गाडी घेतली गेली.

"शेगडी पेटवून तर बघा," खिडकीतून दळवी म्हणाला आणि त्यानं काडेपेटी आत दिली. नव्या रंगाचा वास इतका होता की दुसरा कुठला वास येत नव्हता. मी काडी काढून पेटीवर टेकवली.

दार उघडलं. माझी कॉलर धरून कुणीतरी मला बाहेर खेचलं आणि कानाखाली अशी बसली की चष्मा उडून गेला. मी वाळूत गुडघ्यावर होतो. रंगराव आतून मुलांना दंडाला धरून एकेक करून बाहेर फेकत होता. मुलगी किंचाळत होती. सुनंदाला त्यानं हात लावला नाही. "वहिनी, उतरा! गॅस हाय!" तो ओरडला.

गॅसची नळी बाकाखाली चिरली होती. बाहेरून आलेल्या रंगरावला दार उघडताच वास आला; आम्ही दहा मिनिटं त्यात बसलो होतो.

सिलिंडर बंद करून, दारं सताड उघडून रंगराव गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. पांढरा.

"दोन गाड्या कापून एक केलीया," तो म्हणाला. "मदी नुसता जोड हाय, वर रंग. हे पुढचं अंग मला म्हाईत हाय. ह्यातनं मी मानूस काढलाय. निम्मा."

"काहीतरी बोलू नको," दळवी म्हणाला. "साहेब, हा कमिशनसाठी..."

रंगरावनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. दळवीचा दात तुटून शर्टावर पडला. यार्डातली दोन माणसं जॅकचा दांडा घेऊन धावली. एक घाव रंगरावच्या भुवईवर बसला. रक्तानं डोळा बंद झाला तरी तो हात चालवत राहिला. मी मुलांना आमच्या जुन्या गाडीत कोंबलं आणि ओरडलो, "रंगराव, चला, बस झालं!" तेव्हा कुठं तो आला.

परतताना सुनंदा मुलांचे दंड चोळत बसली. घरी पोचल्यावर म्हणाली, "जीव वाचवला, कबूल. पण मुलांसमोर तुम्हाला मारलं. पुन्हा घरी आणू नका त्यांना." मलाही ते हवंच होतं. गाल दोन दिवसांत बरा झाला. बाकीचं झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी रंगराव दारात उभा. भुवईवर टाके, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"दळवीनं ती गाडी इकली. वसईचं जोडपं हाय, ती दवाखान्यात नर्स. कडंवर तान्हं पोर. आज दुपारी न्यायला येनार. मी काल त्यांच्या घरी गेलो व्हतो. त्या मानसानं माझं थोबाड बघून दार लावलं. साहेब, तुमी शिकलेलं. तुमी चला. तुमचं ऐकतील."

"पोलिसांत सांगा," मी म्हणालो.

"पोलिसाला अरबीत काय सांगू? खलास आन् मफी, संपलं आन् न्हाई, दोनच शब्द येत्यात मला."

मी म्हणालो की कंपनीला कळलं तर मला त्रास होईल, व्हिसाचा प्रश्न आहे, तुम्हीही आता यात पडू नका. तो ऐकत उभा राहिला. रागावला नाही. "बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दुपार होत आली तसं मला बसवेना. सुनंदाला काही न सांगता गाडी काढली आणि यार्डाजवळ जाऊन, रस्त्याच्या पलीकडे थांबलो. भर दुपार होती. नमाजाची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आवाज आधी आला.

रंगराव घण घेऊन त्या कॅम्परवर तुटून पडला होता. काचा आधीच गेल्या होत्या. छप्पर आत दबलं होतं. तो गाडीच्या मधल्या जागी, जोडावर घाव घालत होता. प्रत्येक घावाला अंगातून हुंकार, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आठ-दहा घावांत रंग उडाला, पुट्टीचे पापुद्रे गळाले, आणि मग गाडी मधोमध वाकून वाळूत बसली. तो थांबला नाही. दळवीची माणसं आली, तरी घण त्यानं त्यांच्यावर उचलला नाही. खाली टाकला. त्यांनी दांड्यांनी मारायला सुरुवात केली तेव्हा त्यानं डोक्यावर हात घेतले. उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या पलीकडे ऐकू आला, किंवा तसं मला आजही वाटतं.

माझ्या गाडीच्या काचा वर होत्या. हात दाराच्या कडीवर होता. मी कडी ओढली नाही. पोलिसांची जीप आली तेव्हा मी गाडी सुरू करून निघालो.

संध्याकाळी सगळीकडे बोभाटा झाला. कुणी म्हणे रंगरावला दारू चढली होती, कुणी म्हणे दळवीशी जुनं वैर होतं. सुनंदानं मला विचारलं, "तुम्ही दुपारी कुठे गेला होतात?" मी सांगितलं. ती ऐकत गेली. शेवटी तिनं विचारलं, "आणि तुम्ही गाडीतच बसून होतात?"



दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ती मुलीला घेऊन पोलीस ठाण्यावर गेली. तिला अरबी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. मुलगी शाळेतल्या इंग्रजीत सांगत गेली, सुनंदा हातांनी दाखवत गेली. आम्ही आत बसलो होतो, गॅस होता, या माणसानं आम्हाला ओढून काढलं, गाडी दोन तुकड्यांची होती, तुम्ही स्वतः जाऊन बघा. हे ती इतक्या वेळा म्हणाली की एक अधिकारी उठून खरंच यार्डात गेला. वसईच्या त्या नवऱ्यालाही बोलावलं होतं. तुटलेला जोड बघून त्यानं दळवीची पावती अधिकाऱ्याच्या हातात ठेवली, असं मागून कळलं.

दळवीवर खटला झाला. रंगरावला तुरुंग झाला नाही, पण मारामारी आणि नासधूस त्याच्या नावावर होतीच. त्याला देशी परत पाठवायचं ठरलं.

विमानतळावर मी रंगरावच्या कपड्यांची पिशवी घेऊन गेलो. सुनंदाही आली होती. रंगरावचा उजवा हात प्लास्टरमध्ये, चेहरा हिरवा-निळा. बरोबर पोलीस होता. सुनंदानं वाकून त्याला नमस्कार केला. तो गडबडला, मागे सरकला. "वहिनी, मी साहेबांना हात लावायला नको व्हता," म्हणाला.

मी म्हणालो, "रंगराव, मी त्या दुपारी तिथं होतो. रस्त्यापलीकडे. गाडीत बसून."

"म्हाईत हाय. गाडी वळखली मी." मग तो म्हणाला, "त्येचा राग न्हाई. तुमी भ्याला. भेनाऱ्याजवळ लेकरं ऱ्हात्यात. माझी बायकू पोरीला घिऊन म्हायेरी गेली ती आली न्हाई. मी घरात पाऊल टाकलं की पोरगी भिंतीला चिकटायची. तसा तिच्यावर हात टाकला न्हाई मी कधी. पर तिनं बाकीचं बघितलं व्हतं."

"आता काय करणार?" सुनंदानं विचारलं.

"जानार तिकडं. सासऱ्याच्या वट्यावर बसनार. बोलवनार न्हाई कुनाला. हाकललं तर खाली रस्त्यावर बसनार."

पोलिसानं "यल्ला" म्हणत चलायची खूण केली. रंगरावनं डाव्या हातानं पिशवी उचलली आणि गेला.

कॅम्पर आम्ही पुढे कधी घेतली नाही. एक तंबू घेतला, आणि थंडीत झल्लाकच्या वाळूत लावू लागलो.

दोन वर्षांनी शिराळ्याहून आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर वळणदार, शाळकरी. हात नीट जुळला नाही, घण आता उचलत नाही, साखर कारखान्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान काढलं आहे, वहिनींना दंडवत, असं त्यात होतं. सुनंदानं ते मोठ्यानं वाचलं आणि शेवटच्या ओळीशी थांबली. मग कागद माझ्याकडे दिला. खाली लिहिलं होतं: "वडील शेजारी बसून सांगतात तसे लिहिले आहे. कु. शालन रंगराव खोत."