उकंडाबाई उर्फ सत्यशीला

तिच्या आधी आईची दोन लेकरं गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा सुईणीनं तिला घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडाबाई. टाकून दिलेल्या जिवावर कुणाची नजर पडत नाही, अशी तेव्हाची समजूत. पोर जगली. बोरी अरबजवळच्या त्या खेड्यात उकंडा नावाचे दोन पुरुषही होते, त्यामुळे नावाचं कुणाला काही वाटत नसे. तिला वाटायचं.

लग्न होऊन ती तालुक्याच्या गावी आली. नवरा शिलाईचं काम करायचा. बाजाराच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोलीत त्याचं एक मशीन होतं. छप्पन सालच्या उन्हाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि दुकानाचा परवाना तिच्या नावावर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वस्तीतली माणसं ट्रकमध्ये उभ्यानं नागपूरला गेली. दीक्षा घेऊन परतताना बायांनी एकमेकींना नवी नावं सुचवली. हिनं सत्यशीला घेतलं. पुढं वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात ती लिहायला शिकली, तेव्हा पाटीवर पहिल्यांदा गिरवलं ते हेच नाव. जुनं नाव तिनं हातानं कधी लिहिलंच नाही.

चौसष्टपर्यंत तिच्याकडे तीन मशीनं आणि कामाला दोन बाया झाल्या. दारावर ‘सत्यशीला टेलरिंग’ अशी पाटी लागली. त्या वर्षी मार्चमध्ये वसतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेनं पोरांच्या गणवेशांचं काम काढलं. संस्थेच्या सचिवानं तिनं शिवलेला सदरा उलटा करून आतले टाके पाहिले आणि काम तुम्हालाच देऊ म्हणाला. अट एकच होती. पैसे चेकनं मिळणार, चेक दुकानाच्या नावानं निघणार. तेव्हा पंधरा मेच्या आत बँकेत दुकानाचं खातं पाहिजे.

ती दुसऱ्याच दिवशी बँकेत गेली. शाखेच्या साहेबाला तेव्हा एजंट म्हणत. एजंट नागपूरकडचा होता, उर्मट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली आणि काय काय लागेल ते सांगितलं. नगरपालिकेचा परवाना, जागेची भाडेपावती, आणि बँकेच्या एखाद्या जुन्या खातेदाराची ओळखीची सही, म्हणजे ही बाई माझ्या माहितीतली आहे असं त्यानं अर्जावर लिहून द्यायचं. परवाना तिच्या पिशवीत होता. एजंटानं तो वाचला.

“यावर उकंडाबाई आहे,” तो म्हणाला. “मग खातं त्याच नावानं काढा. पाटीवर काय लिहिलंय त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. सोपं पडेल.”

“थे नाव मले लिहिता येत नाही.”

“मग अंगठा द्या.”

“मले सही येते, साहेब. मी अंगठा नाही देत.”

एजंटानं परवाना तिला परत दिला. मग म्हणाला की दोन्ही नावांची बाई एकच आहे असं तहसीलदारासमोर शपथेवर लिहून आणावं लागेल. चार-पाच दिवसांचं काम आहे.

त्याला पाच आठवडे लागले. अर्जनवीसानं मजकूर लिहिला, पण दोन्ही नावांनी ओळखणारे साक्षीदार हवे होते, ते माहेरच्या खेड्यातून आणावे लागले. ते आले तेव्हा तहसीलदार दौऱ्यावर होता. पुन्हा आले तेव्हा स्टँप कमी निघाला. प्रत्येक फेरीला दुकान बंद. शेवटी शिक्क्याचा कागद हातात पडला, त्यात नाव होतं ‘सत्यशीला उर्फ उकंडाबाई’. अर्जनवीसानं तो चार माणसांत मोठ्यानं वाचून दाखवला. मागं कुणीतरी हसलं.

भाडेपावतीचं वेगळंच. घरमालक बळीराम आठ वर्षं दर महिन्याला तिच्याकडून भाडं घेत होता, पावती त्यानं कधी दिली नव्हती. आपल्या नातेवाइकांत त्यानं सांगितलं होतं की खोली सरकी ठेवायला दिली आहे. पावती फाडली तर खोली खरी कुणाला दिली त्याचा कागद होईल, आणि घरात पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. तो तिला हे सगळं अगदी सरळपणे, वाईट वाटून घेत सांगायचा. तिनं भाडं वाढवून देते म्हटलं तेव्हा पावती मिळाली.

राहिली ओळखीची सही. याची तिला काळजी नव्हती. देवरावचं त्या बँकेत खातं होतं.

देवराव तिच्याच वस्तीतला, नवऱ्याचा जिवलग. नागपूरहून परतताना ट्रकमध्ये तो तिच्या शेजारीच उभा होता, आणि तिचं नवं नाव सगळ्यांत आधी त्यानंच मोठ्यानं घेतलं होतं. मॅट्रिक झाल्यावर तो जिनिंगमध्ये कारकून लागला आणि वस्ती सोडून बाजारपेठेजवळ राहायला गेला. सत्यशीला अर्ज घेऊन त्याच्या घरी गेली. त्याची बायको मथुराबाई तिला पाहून गडबडली, तिनं आधी बाहेरचं दार लोटून घेतलं आणि मग चहा ठेवला. देवरावनं सगळे कागद नीट वाचले. शपथेच्या कागदाचं त्यानं कौतुकही केलं. पेन मात्र काढलं नाही.

“वैनी, दुसऱ्या कोणाची सही नाही का भेटत?”

“काहून? तुमी हाच ना.”

त्यानं कागदाची कड नखानं घासली. मग हळू आवाजात बोलला. “इथं मले सारे देवरावजी म्हणतात. आडनावावरून कोणाले काही समजत नाही, अन् मी सांगतलंही नाही. बँकेतला कॅशिअर समोरच्या घरात राह्यते. मी तुमच्या कागदावर सही केली तं थो विचारीन, तुमी या बाईले कुठून ओळखता.”

“तं सांगा ना, कुठून ओळखता.”

देवरावनं अर्ज तिच्याकडे सरकवला. सत्यशीलानं कागद गोळा केले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर ती दोन दुकानदारांकडे गेली. एकानं नंतर या म्हटलं, दुसऱ्यानं आपलं खातं असल्याचंच नाकारलं. पंधरा मे उलटला. वीस तारखेला बाबूसिंग कापडवाला स्वतः तिच्या दुकानाशी येऊन उभा राहिला. मागं हमालाच्या डोक्यावर खाकी आणि पांढऱ्या कापडाचे गठ्ठे होते. गणवेशांचं काम त्याला मिळालं होतं. त्याच्याकडे मशीन एकही नव्हतं, पण बँकेत खातं वडिलांच्या वेळेपासून होतं.

सरळ माणूस होता बाबूसिंग. त्यानं तिच्यापुढं काही लपवलं नाही. म्हणाला, संस्थेला खातं पाहिजे होतं, मला शिवणारं माणूस पाहिजे आहे, या गावात तुझ्यासारखी शिलाई दुसऱ्या कुणाची नाही. मजुरी नगावर. तिनं काम हातात घेण्याआधी एक विचारलं, माझ्या खात्याच्या अर्जावर ओळखीची सही देता का. तो म्हणाला, आण इकडे. मशीनच्या फळीवर अर्ज ठेवून त्यानं उभ्या उभ्या सही केली, तिचं आडनाव काय तेही विचारलं नाही. अडीच महिने ज्यासाठी गेले ते काम एका मिनिटात झालं.

खातं उघडलं. एजंटानं पासबुक देताना अभिनंदन केलं. पासबुकावर कागदाप्रमाणे दोन्ही नावं होती.

त्या जूनमध्ये तिघींनी मिळून तीनशे चाळीस जोड शिवले. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे बाबूसिंगच्या दुकानाच्या नावाची पट्टी लावायची होती. कामाला असलेल्या लीलाबाईनं पट्ट्यांचा गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, या मी लावते, तुमी नोका लावू. सत्यशीलानं ऐकलं नाही. तिला वाकडा टाका चालत नसे.

पुढच्या साली संस्थेनं पुन्हा काम काढलं. या खेपेला तिच्याकडे सगळे कागद होते. सचिवानं ते पाहिले आणि खेदानं सांगितलं की आता संस्थेला आधी काम पुरवलेलाच माणूस हवा, तसा नियम झाला आहे. गणवेश तुम्हीच शिवलेत हे मला माहीत आहे, पण संस्थेच्या दप्तरी तुमचं नाव कुठं आहे? तिनं कागद पिशवीत घातले आणि परतीची बस धरली. बसस्टँडवरून चालत दुकानात आली. बाबूसिंगचे गठ्ठे येऊन पडले होते. तिनं एक सोडला, कापडाचा आडवा-उभा धागा पाहिला आणि लीलाबाईला म्हणाली, “या बारीनं कापड हलकं हाय. धुतलं की आटन. बाह्या जरा लांब ठेवजो.”