इनायत मिस्त्रीनं टोचलेली भिंत

आखाडा बाळापुरात चुन्याचं काम म्हटलं की इनायत मिस्त्री. चुना भिजवावा, मळावा, त्यात गूळ-बेलफळाचं पाणी घालावं, तर त्यानंच. म्हणून तर जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेनं त्याला तीन महिने थेट फ्रान्सला नेलं. गाव मिरवायला मोकळं झालं. आणि हा परत आल्यापासून तिथले फोटो दाखवायलाच तयार नाही!

तिथल्या एका खेड्यात, भर शिवारात, जमीनदाराची चारशे वर्षांची हवेली होती. उभ्या उताराचं काळ्या पाटीच्या दगडाचं छप्पर, कोपऱ्यावर गोल बुरूज, बुरजात वर कबुतरांचे खण, आणि बैल उभा राहील एवढी शेकोटीची जागा. भिंती सगळ्या चुन्याच्या. मालकीण म्हातारीला त्याचा गिलावा इतका आवडला, की रोज स्वतः चहा करून द्यायची.

शनिवारी संस्थेच्या दुभाष्यानं बजावलं, बुरजातल्या भिंतीला सोमवारपर्यंत हात लावू नका. इनायतला वाटलं, रविवारची सुट्टी म्हणून म्हणत असतील. न सांगता काम पुढं सरकलेलं दिसलं की मालक खूश, हे आपल्याकडचं गणित. आणि जुन्या भिंतीला छिन्नीनं खाचा पाडल्याबिगर नवा गिलावा धरत नाही, ही बापाची शिकवण. रविवारी सकाळी घरचे चर्चला गेले, अन् या गड्यानं अख्खी भिंत टोचून काढली. हौस दांडगी ना!

म्हातारी परतली, ती बुरजाच्या दारातच थांबली. मग दुभाष्यानं सांगितलं. हवेली बांधणाऱ्या गवंड्यांनी याच भिंतीच्या ओल्या चुन्यात खिळ्यानं आपली नावं कोरली होती. वर सफेदी चढलेली. ती अलगद काढायला सोमवारी माणूस येणार होता. दुसरीकडं कुठल्याच कागदावर ती नावं नव्हती.

म्हातारी रागावली नाही. "आम्हीच नीट सांगायला हवं होतं," म्हणाली, आणि त्याही दिवशी चहा दिला. इनायतला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इकडं सरपंच तातेरावांनी सत्कार ठेवला. शाल झाली, हार झाला. नव्या सभागृहाच्या दगडावर मिस्त्रीचं नाव कोरणार, असं त्यांनी जाहीर केलं, तसा इनायत उठला आणि झालं ते सगळं सांगून बसला.

"नको म्हणलं होतं, तरी मी हात लावला. लई शरम वाटून राहिली, सरपंच. माझं नाव नका कोरू."

लोकांनी टाळ्या पिटल्या. "बघा मिस्त्रीचा मोठेपणा," तातेराव म्हणाले. "मरून गेलेल्या गवंड्यायचं काय घेऊन बसला?"

फक्त शेजारच्या मनकर्णामावशीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं पांगल्यावर ती जवळ आली.

"इनायत, तुला त्यातलं काहीच कसं दिसलं न्हाई रे?"

"दिसलं होतं, मावशी," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं भेग हाय. म्हणून तिथं अजून जोरानं हाणलं."