बिमलदाची नदी

बिमलदा गेला, हे मला तुमसरहून तांदूळ घेऊन आलेल्या ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, तेही बारा दिवसांनी. "मास्तर, तुमच्या गावात पडदे रंगवणारा बंगाली होता ना, थो गेला," असं म्हणून त्यानं दोन चहा मागवले. मला काही तो चहा गेला नाही. आज महिना उलटला, पण मनातला राग शमत नाही. गावावरचा आहेच, त्याहून जास्त माझ्यावरचा.

बांगलादेशच्या लढाईनंतर रायपूरकडच्या निर्वासितांच्या छावणीतून तो फिरत फिरत आमच्या जांभळीटोल्याला आला. सानगडीपासून सायकलनं पाऊण तासाचं गाव. हातात गवंड्याची थापी, पिशवीत चार ब्रश. थापीनं पोट भरायचं आणि ब्रशनं मन, अशी त्याची वाटणी. शाळेच्या दोन खोल्यांसाठी श्रमदान निघालं, तेव्हा चार दिवसांत गाव पांगलं. भिंती शेवटपर्यंत चढवल्या त्या बिमलदानं. पावसाच्या आधी एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांवर चढून तो कवेलू फेरून, फुटकी कौलं बदलून द्यायचा. "बाबू, जेवून घे," कुणी म्हटलं, तर वरूनच ओरडायचा, "पहले छप्पर, मंग भात, माय!"

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकासाठी पडदे हवे होते आणि मी नाट्यमंडळाचा सचिव. त्यानं राजवाडा रंगवला, रस्ता रंगवला आणि तिसऱ्या पडद्यावर एक नदी... इतकी रुंद की पलीकडचा काठच नाही. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी मी एकट्यात विचारलं, "ही आपली चुलबंद तर नव्हे?" तो बराच वेळ ब्रश धूत राहिला. "नाही मास्तर. आमच्या घरामागची हाय. कोनाले सांगू नका... लोकायले वाटन, याचं मन इथं नाही."

पण माझ्या जिभेला हाड नाही. पानठेल्यावर, बिमलदा मलाच कसा मनातलं सांगतो हे मिरवण्यासाठी, मी ते चारचौघांत बोलून बसलो.

पुढं पंचायतीनं घरांसाठी जागा वाटायला काढल्या. बिमलदानं अर्ज केला. दहा वर्षं दुसऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत काढलेल्या माणसाला स्वतःचं एक दार हवं होतं, बस्स. सभेत तुझ्या बाजूनं मी बोलेन, असा शब्द मी त्याला दिला होता. मी उठायच्या आत एक पुढारी उभा राहिला. "थो आपला कायचा? आपल्या पडद्यावर बी त्यानं त्याच्याच गावची नदी काडली. इचारा मास्तरले!" सगळे हसले. बिमलदानं पुढाऱ्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता... आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सभा भरली होती तीही त्यानंच बांधलेल्या खोलीत. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण त्याच खोलीत मी मुलांना शिकवत आलो होतो. अर्ज फेटाळला गेला. आठवडाभरात तो तुमसरला निघून गेला. जाताना मला भेटला नाही, आणि मीही सहा वर्षं त्या वाटेला गेलो नाही.

गेल्या रविवारी गेलो. राइस मिलच्या मागं चाळीत त्याची खोली होती. दाराला कुलूप, आणि वर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'बिमल पेंटर, मु. जांभळीटोला'. मी ते पुन्हा पुन्हा वाचत उभा राहिलो. शेजारची बाई बाहेर आली. "कोन्या गावचे जी तुमी?" मी गाव सांगितलं. तशी तिनं आत हाक मारली, "अवो, बाबूच्या गावचं मानूस आलं!" घाईघाईनं खाट टाकली, पाणी आणलं. "बाबू सांगे, गावात त्याहिचा एक दोस्त हाय, मास्तर. आजारात मी म्हनलं, बोलावू का त्याले? तं म्हने, राहू द्या, कामात असन थो." मग माझ्याकडे नीट पाहत तिनं विचारलं, "तुमी वळखता का जी त्या मास्तरले?"

मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवला.

"नाव ऐकून आहे," मी म्हणालो.