तुळसाकाकीची सातासमुद्रापारची सून

तुळसाकाकीला सून मी दिली. लग्न जमवलं असं नव्हे हां. ती सून कधी जन्मालाच आली नव्हती. मी, गुणाजी, फौजेतला माजी नाईक, एका दुपारी काकीच्या पडवीत काळ्या चहाचा कप हातात धरून ती नुसती तोंडाने घडवली. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पुढे त्या सुनेवर सिनेमा निघाला. गाण्यांचा, हसण्याखिदळण्याचा, परदेशात गेलेल्या जवानांच्या प्रेमाचा. नाव सांगत नाही. पोस्टर बघितलं की अजून माझी कानशिलं तापतात.

आधी काकी कोण ते सांगतो. तुळसा तारी. माहेर आरोंद्याचं, सासर आमच्या गावात, मालवणपासून अर्ध्या तासावर, दर्याला लागून. नवरा होडीवर जायचा. सुशांत चार वर्षांचा असताना होडी गेली ती गेलीच, फळकूटसुद्धा परत आलं नाही. तेव्हापासून काकी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासे विकते. तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक कल्ले उचकटून बघायला लागलं की म्हणणार, "मेल्या, चेडू बघूक इलंस काय? घेवचा तर घे, नाय तर फुडे चल." तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच. कारण शिळा बांगडा ताजा म्हणून तिने उभ्या जन्मात खपवला नाही. खोटं तिला सोसतच नाही. आणि गाठ कुणाशी पडली, तर माझ्याशी!

सुशांत तिचा एकुलता एक. पोर अर्धं पाण्यातच वाढलं. रापणीचं जाळं ओढायला माणसं किनाऱ्यावर जमली की हा सगळ्यांच्या पुढे, दोर खांद्यावर. काकी तिथे जाऊन त्याला बडवत घरी आणायची. "दर्यान एक घेतल्यान. दुसरो मी देवचंय नाय," असं ती सगळ्या वाडीला ऐकवायची. मी सुट्टीवर आलो तेव्हा त्याचा हात धरून माझ्या अंगणात उभी राहिली. "गुण्या, ह्येका तुझ्या पलटणीत घाल. जमनीर रवलो तर जगतलो."

भरतीला जायच्या आदल्या संध्याकाळी तो पुळणीत बसून रडत होता. मी बघितलं. काकीने बघितलं की नाही, मला माहीत नव्हतं. सकाळी बॅग उचलून गप माझ्यामागून आला.

चार वर्षांनी आमची पलटण आफ्रिकेत गेली, शांतिसेनेत. डोक्यावर निळी टोपी, गाडीवर पांढरा रंग, बाहेरून सगळं लग्नाच्या वरातीसारखं. आत चिखल, काटेरी तार, जनरेटरची घरघर, आणि तारेपलीकडे काही न बोलता उभी राहणारी माणसं. सुटं फिरायची मुभा नव्हती. जवळ एक मोठं तळं होतं. तिथले लोक खोडं कोरून केलेल्या होड्यांतून मासे मारायचे. सुशांत पहाऱ्यावर उभा राहून त्यांच्याकडे बघायचा, आणि पहारा संपला तरी बघायचा. पोरगी नव्हती. बाजार नव्हता. गाणं तर नव्हतंच.

तिसऱ्या महिन्यात त्याला ताप भरला. मलेरिया, तो डोक्यात गेला. मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर हवं होतं, आणि ढग असे बसले की तीन दिवस ते उडेना. डॉक्टर खाटेजवळून हलला नाही, मीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुशांतने डोळे उघडले, मला नीट ओळखलं आणि म्हणाला, "गुण्यादादा, आयेक सांग, माका होडयेर जावचा होता. माका घराक व्हर." दुपारी तो गेला. पंचवीसही पुरे नव्हते.

मीच त्याला घेऊन आलो. पेटी, तिरंगा, साहेबलोकांची भाषणं, सगळं झालं. तेराव्याला पाहुणे गेल्यावर काकीने मला पडवीत बसवलं, चहा दिला आणि पोराचं विचारलं, "गुण्या, माझो झील थंय खुशीत होतो मां?"

निरोप माझ्या जिभेवर होता. देवाशपथ होता. पण जिने पोराला पाण्यापासून ओढून ओढून जमिनीवर आणलं, तिला मी काय सांगू? की तुझ्या जमिनीनेच त्याला खाल्लं? की जाता जाता तो होडी मागत होता? माझी छाती झाली नाही. म्हटलं, "होतो तर! काकी, थंय एक चेडू होता."

झालं. एकदा तोंड उघडलं ते मिटेना. तळ्याकाठी बाजार भरतो म्हटलं. तिथे ग्रेस नावाची पोरगी सुकी मासळी विकते. सुशांत मालवणीत घासाघीस करतो, ती आपल्या भाषेत शिव्या घालते, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही आणि दर रविवारी तेच भांडण. एकदा ह्याने भर बाजारात गाणं म्हटलं, तिने रागाने मासा फेकून मारला, आणि तो मासा जाऊन बसला नेमका मेजरसाहेबांच्या टोपीवर!

काकी हसली. पोटचा पोर जाऊन तेरा दिवस झालेली बाई पदर तोंडात कोंबून हसली. फक्त एकदा थबकली. "सुशांतान गाणां म्हटल्यान?" मी म्हटलं, "व्हय तर. परदेशात मनीस बदलता."

मग मी सुटका करून घेऊ शकलो नाही. सुट्टीला आलो की बोलावणं. पेन्शनीत आलो तर दर शनिवारी. "गुण्या, तां माशाचां परत सांग." मी सांगायचो आणि दर खेपेला थोडं मीठ जास्त पडायचं. दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं, हेही मीच घातलं. वाडीतल्या बायकांना काकी 'आमची ग्रेस' म्हणायला लागली. ओटीचं एक खण-नारळाचं ताट फळीवर कायम तयार. माझी बायको आनंदी मला म्हणायची, "खोट्याक पाय नसतत म्हणतत, तुमच्या खोट्याक बारा फुटले." खरंच फुटले होते. ते चालत मुंबईला गेले.

शेजारच्या घरातली प्रियांका सिनेमाची गोष्ट लिहायचं काम करते. लहानपणापासून काकीच्या पडवीत वाढलेली पोर. तिला सगळं खरंच वाटलं, तिचा काय दोष? रीतसर येऊन काकीची परवानगी घेतली, पाया पडली. आणि गेल्या हिवाळ्यात आमच्याच खाडीकाठी, सुरूच्या बनात, आफ्रिका उभी राहिली.

तंबू काय, पांढऱ्या गाड्या काय! निळ्या टोप्या घातलेली वीस पोरं दिवसभर नाचत होती. त्यांना सॅल्यूट शिकवायला मला ठेवलेलं. हात वर जाताना कंबर हलवू नका, हे सांगून माझा घसा बसला. तळ्यावरचं सूर्यबिंब आमच्या खाडीत, नायिकेच्या टोपलीत रबरी मासे, आणि मेजरच्या टोपीवर मासा पडल्याबरोबर सगळी पलटण गाणं म्हणत फेर धरते. बघे पोट धरून हसत होते. मला मात्र त्या पोरांच्या चेहऱ्यांवर घाम दिसला की ती खाट दिसायची.

काकी रोज यायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून सगळं डोळ्यांत भरून घ्यायची. एकदा म्हणाली, "रबराचो बांगडो! सुशांतान बघलो असतो तर हसान मेलो असतो."

शेवटच्या दिवशी शेवटचा देखावा. नायक लग्न करून नायिकेला गावी आणतो आणि आई दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळते. आईचं काम करणारी बाई शहरातली, तिला काही जमेना. प्रियांकाने काकीला हाक मारली, "काकी, जरा दाखय गो हेंका." काकी उठली. पदर खोचला. त्या रंगवलेल्या नवरीवरून भाकरीचा तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तिचा हात धरला तो सोडेना. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. काकीने त्या पोरीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गुण्या, सात वर्षां झाली. ही इली. मगे माझी कित्याक येणा नाय?"

मी काहीतरी पुटपुटलो. पासपोर्ट, लढाई, रस्ते बंद. तिने ऐकून घेतलं नाही. "येत्या सोमवारी रवळनाथाक गाऱ्हाणां घालतंय. तू येतलंस. तिका बघलेलो गावात तू एकटोच. तुझ्या तोंडान व्हय व्हया."

आमच्याकडची गोष्ट बाहेरच्याला कळायची नाही. कोर्टात हात वर करून खोटं बोलणारे आमच्यात पैशाला पासरी. पण गावदेव रवळनाथापुढे मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तिथे खोटा व्हय देणारा माझ्या पाहण्यात नाही. रविवारी मी दोडामार्गला मावसभावाकडे पळायला निघालो. मालवणच्या स्टँडवर गाडीत चढलो, तिकीट काढलं आणि गाडी सुटायच्या आत उतरून परत आलो. माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी देवळात वीसेक माणसं होती. प्रियांका थांबली होती मुद्दाम. भिकाजी मानकऱ्याने नारळ हातात घेतला.

"बा रवळनाथा, राखणदारा, ही तुळसा आज तुझ्या दारात उभी आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या झिलान परदेशात एक चेडू मनात धरलेल्यान, तां ह्या गुणाजीन आपल्या डोळ्यांनी बघलेलां आसा, म्हाराजा!"

सगळे थांबले. हा व्हय माझा एकट्याचा होता. काकीने हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. मी जीभ हलवायला गेलो.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

असं कुणी कधी म्हटलेलं त्या देवळाने ऐकलं नसेल. भिकाजीचा नारळ हातात तसाच राहिला. मग मी सगळं सांगितलं, गाभाऱ्याकडे बघून, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. ग्रेस नाही, बाजार नाही, मासा नाही. ताप, ढग, तीन दिवस. आणि शेवटी त्याचा निरोप, सुशांतने सांगितला तसा, शब्दाला शब्द.

काकी रडली नाही. जोडलेले हात तिने खाली घेतले.

"होडयेर जावचा होता, तां माका म्हायत आसा. पुळणीत रडताना बघलेलंय मी तेका. बघून घरात गेलंय." मग आवाज चढला. "पण माझ्या झिलान माका धाडलेलां शेवटचां बोलणां तू सात वर्षां तोंडात धरून बसलंस? आणि माका भलतोच झील दिलंस! गाणी म्हणणारो! माझो सुशांत कधी गाणी म्हणी नाय रे, गुण्या. माका वाटलां, थंय जावन बदललो. सात वर्षां मी दुसऱ्याच कोणाच्या तरी झिलाक रडलंय."

प्रियांका खांबाला धरून खाली बसली. मला वाटलं, काकी आता घरी जाईल. ती भिकाजीकडे वळली.

"नारळ खाली ठेव नको. सुनेचां सोड. माझ्या झिलाक मी त्या तळ्याकाठी, त्या चेडवाच्या बाजूक बसवन ठेवलंय. तेका घराक येवचा होता. तां सांग देवाक."

भिकाजीने नारळ वर उचलला. "बा रवळनाथा, सुशांत तारी घराक येवक बघता, म्हाराजा! तेका वाट दाखय, आयेच्या दारात आणून सोड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. तिने मान वळवली नाही.

मे महिन्यात सिनेमा लागला. सगळी वाडी दोन टेम्पो करून कुडाळला जाऊन बघून आली. हसून हसून गालफडं दुखली म्हणे. काकी गेली नाही, मी गेलो नाही. फळीवरचं ताट तिने उतरवलं. माझ्याशी बोलणं बंद. बाजारात मी समोर उभा राहिलो तर माझ्यातून आरपार मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायची. आनंदीला मासे द्यायची, मला नाही. मला ते बरोबरच वाटत होतं. त्याहून जास्त काही केलं असतं तरी चाललं असतं.

गेल्या गुरुवारी, सकाळी बाजाराला जाताना, ती माझ्या अंगणात थांबली. भरलेली टोपली डोक्यावरून उतरवून पायरीवर ठेवली.

"गुण्या, ताप इलो तो वार खयचो?"

"मंगळवार."

"त्या दिवशी तेणां काय खाल्ल्यान?"

"पेज. दोन घास. मगे नको म्हणालो."

ती टोपलीशेजारी बसली. ऊन चढत होतं, टोपलीतला बर्फ वितळून पायरीवरून पाणी ओघळत होतं. मासे खराब होतील, एवढं तिला सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ज्या बाईने जन्मात शिळा मासा विकला नाही तिने टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मगे?" ती म्हणाली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो आणि मंगळवारपासून सांगायला लागलो.