बाबांचा डावा ठोसा

गुडघ्याला बाम चोळून त्याच बोटांनी मी डोळा पुसला. डोळे मिटून कण्हत बसलो, आणि त्या वासाने डोंबिवलीतली बाबांची खोली आठवली. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात कित्येक महिने निपचित पडून होता.

भेटायला आलेले कळव्याचे काका म्हणाले, "दादा, तुझा तो आवडता जुना बॉक्सर आजच्या चॅम्पियनपुढे एक राउंड टिकायचा नाही."

"अरे जा, त्याचा डावा ठोसा कधी पाहिलायस?" म्हणत बाबांनी तो मारूनच दाखवला. पांघरुणातून डावी मूठ वर आली आणि थरथरत काकांच्या हनुवटीला टेकली.

सर्वांत थोर बॉक्सर कोण, ते मला आजही सांगता येणार नाही. पण बाबांच्या त्या ठोशाहून मोठा ठोसा मी पाहिलेला नाही.

काका गेल्यावर माझी बायको मला म्हणाली, "काकांना रोज भांडायला बोलाव."