दुसऱ्या तपासणीसाठी थांबवणाऱ्या सुलभाताई

डॉ. सुलभाताई चितळकर यांची आणि माझी ओळख अंबरनाथच्या एका छोट्या रुग्णालयात झाली. मी तिथे नवा फिजिशियन होतो. ताई रक्ततपासणीची प्रयोगशाळा सांभाळत असत. एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. "डॉक्टर, या पेशंटना इतक्यात सोडू नका. रिपोर्ट नॉर्मल आहे, पण रक्त फार लवकर घेतलंय."

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. मात्र ते वाढलेलं दिसायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त तपासावं लागतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. घरी जायची घाई झालेल्या माणसाला ते पटवायचं, हे दमवणारं काम मात्र ताईंनी आपलं मानलं.

वांगणीच्या एक बाई छातीत जळजळतं म्हणून आल्या होत्या. पहिला रिपोर्ट चांगला आला, तरी ताईंनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्यांना दुसऱ्या तपासणीसाठी थांबायला सांगितलं. "पित्तच हाय, मॅडम. घरी म्हशी खोळंबल्यात," असं म्हणून यजमान त्यांना घेऊन गेले. संध्याकाळी त्या वारल्या. दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या घरी गेल्या, मी सोबत होतो. कुणी एका शब्दानं दोष दिला नाही. परतताना ताई म्हणाल्या, "मी खिडकीतून सांगितलं. जवळ बसून सांगायला हवं होतं."

तेव्हापासून त्या प्रत्येकाजवळ जाऊन बसू लागल्या. एकदा छातीत दुखतं म्हणून आलेले हेंद्रेपाड्यातले प्रधानसाहेब, कारखान्यातले अधिकारी, चांगलेच चिडले होते.

"मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग मला जाऊ द्या."

"जा ना. फक्त दुसरं रक्त देऊन जा. तोवर मीही इथेच बसते."

ताई खरोखरच बसून राहिल्या. दुसऱ्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. साहेबांना लगेच मोठ्या रुग्णालयात हलवलं आणि बंद झालेली रक्तवाहिनी वेळेत उघडली. आज ताईंच्या सत्कारासाठी नेमलेल्या आमच्या गौरव समितीचे तेच अध्यक्ष आहेत.

ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे दुखतात, बोलून बोलून आवाज बसतो. मलाही आताशा थकवा येतो, म्हणून परवा विचारलं, "तेच तेच सांगायचा कंटाळा नाही येत?"

"येतो की. फार येतो. पण समोरचा माणूस ते पहिल्यांदाच ऐकत असतो."

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या वाट्याची थोडी कामं आता आम्हाला करू द्यावीत, आणि दुपारी त्यांनी निवांत झोपावं, एवढंच त्यांच्याकडे मागणं आहे.